परसातल्या कोंबड्यांचे उटणे : धूळकुंडासाठी माती, वाळू आणि राख निवडताना

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत एक डझन अंड्यांचा सरासरी किरकोळ भाव ६.२३ डॉलर या विक्रमी पातळीवर पोहोचला, तेव्हा परसात चार कोंबड्या पाळण्याचा विचार पुष्कळ घरांतून बोलला जाऊ लागला. २०२२ पासून चाललेल्या बर्ड फ्लूच्या साथीत तोवर कोट्यवधी कोंबड्या नष्ट झाल्या होत्या. पुढे भाव उतरले. पण त्या काळात ज्यांनी खुराडे उभे केले, त्यांच्या कोंबड्या अजून अंगणात आहेत. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांची तयारी बहुधा चोख असते. नगरपालिकेची परवानगी, वसाहतीच्या संघटनेचे नियम, रॅकूनला दाद न देणारी जाळी, खाद्य, पाण्याचे भांडे यांचा बारकाईने अभ्यास झालेला असतो. एका गोष्टीचा विचार मात्र सहसा राहून जातो. ती गोष्ट म्हणजे माती.

मग एखाद्या उन्हाच्या दुपारी कोंबडी गुलाबाच्या वाफ्यात खड्डा करून आडवी पडलेली दिसते. एक पाय ताणलेला, पिसे विस्कटलेली, डोळे अर्धवट मिटलेले. प्रथमच हे दृश्य पाहणाऱ्याला कोंबडी शेवटच्या घटका मोजते आहे असे वाटते आणि पशुवैद्याचा दूरध्वनी शोधण्याची धांदल उडते. थोड्या वेळाने ती उठते, अंग झाडून धुळीचा लोट उठवते आणि काही घडलेच नाही अशा थाटात दाणे टिपू लागते. ज्यांचे बालपण आजोळच्या अंगणात गेले, त्यांना हे सांगावे लागत नाही: कोंबडी मातीत न्हात असते.

आजोळच्या अंगणात या स्नानाची सोय कोणी मुद्दाम करीत नसे. गोठ्याच्या पडवीची कोरडी माती, उकिरड्याकडेला टाकलेली चुलीची राख, झाडाच्या बुंध्याशी उन्हाने भुसभुशीत झालेली जमीन यांतून कोंबडी आपली जागा आपणच निवडी. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा वॉशिंग्टन राज्यातील उपनगरी घराच्या परसात ती मोकळी जमीन नसते. तेथे दाट हिरवळ असते, उरलेल्या जागेवर लाकडाच्या चिपांचा थर असतो, आणि वर्षाचे कित्येक महिने जमीन ओली तरी असते किंवा गोठलेली तरी. म्हणून धूळकुंड करावे लागते. आणि ते करायचे म्हटले की त्यात काय भरावे हा प्रश्न येतो. उत्तर वरवर पाहता सोपे आहे. तथापि चुकीच्या उत्तराची किंमत कोंबडीपुरती मर्यादित राहत नाही, ती न्याहारीच्या ताटापर्यंत पोहोचू शकते.

तेल आणि धूळ

कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूस, एक तैलग्रंथी असते. चोचीने तिच्यातील तेल घेऊन कोंबडी ते पिसापिसाला लावते. या तेलाने पिसे लवचिक राहतात आणि पावसाच्या हलक्या सरीत अंग लगेच भिजत नाही. परंतु काही दिवसांनी हे तेल शिळे होते, त्यात त्वचेचा कोंडा अडकतो आणि आतली मऊ पिसे एकमेकांना चिकटू लागतात. चिकटलेल्या पिसांत हवा कोंडली जात नाही. साहजिकच ऊब कमी होते. बारीक कोरडी धूळ हे जास्तीचे तेल शोषून घेते आणि अंग झाडताना धुळीबरोबर तेही निघून जाते. दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल लावून मग ते उटण्याने काढायचे, त्यातलाच हा प्रकार म्हणता येईल. फरक इतकाच, की या उटण्यानंतर पाणी लागत नाही. उलट पाणी आले की सारे बिघडते.

या स्नानाला ठरलेला क्रम आहे. आधी चोचीने माती पुढ्यात ओढायची, पायांनी उकरायची, मग खाली बसून पिसे फुलवायची आणि पंखांच्या झटक्यांनी धूळ अंगावर उडवायची. ती धूळ पिसांच्या बुडापर्यंत पोहोचली, की कूस जमिनीवर घासत काही काळ पडून राहायचे आणि शेवटी उठून सर्वांग झाडायचे. डॅनिश संशोधक क्लाउस व्हेस्टरगार्ड यांनी १९८२ साली केलेल्या नोंदींनुसार कोंबडी साधारणपणे दर दुसऱ्या दिवशी एकदा आणि दर वेळी सुमारे अर्धा तास धूळस्नान करते. तेही बहुधा भर दुपारी. अंड्यातून बाहेर येऊन थोडेच दिवस झालेली पिल्लेही कोणी न शिकवता हे करू लागतात. तारेच्या पिंजऱ्यात वाढलेली कोंबडी तर मातीचा कण नसतानाही नुसत्या तारेवर बसून याच हालचाली करीत राहते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून साधे बॅटरी पिंजरे बंद केले आणि पुढच्या पिंजऱ्यांत चोच मारता येईल, उकरता येईल असा मोकळा थर सक्तीचा केला, त्यामागे या प्रकारच्या निरीक्षणांचा मोठा वाटा होता.

वर सांगितलेल्या क्रमातूनच सामग्रीची पहिली कसोटी निघते. धूळ पिसांच्या बुडापर्यंत जायची, तर तिचा कण बारीक आणि कोरडा असला पाहिजे. लाकडाचा भुसा खुराड्यात अंथरायला चांगला. पण त्याच्या चिपा पिसांच्या आत शिरत नाहीत आणि तेलही फारसे शोषत नाहीत. निवड करू दिली असता कोंबड्या भुशापेक्षा पीट आणि वाळूकडे वळतात, हे प्रयोगांतून दिसून आले आहे. दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची, आणि तीच अनेकदा विसरली जाते. धूळकुंडात जे भरले जाते, ते केवळ पिसांत जात नाही. कोंबडी त्यात सतत चोच मारते, दाणे भरडण्यासाठी पोटात लागणारे बारीक खडे त्यातूनच गिळते आणि अर्धा तास तीच हवा श्वासात घेते. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि धुळीचा त्रास त्यांना लवकर होतो. म्हणून जे कोंबडीने खाल्लेले आणि हुंगलेले चालणार नाही, ते धूळकुंडात नको.

माती, वाळू आणि राख

साधी, कोरडी, चाळलेली माती हाच धूळकुंडाचा पाया. यात नवे काही नाही, आणि दुकानात विकता येईल असेही काही नाही. कदाचित म्हणूनच तिची शिफारस इतक्या मोघमपणे केली जाते. किंचित चिकणमातीचा अंश असलेली पोयट्याची माती सर्वांत उत्तम. निव्वळ चिकणमाती असेल तर पहिल्याच ओलाव्यात तिचे ढेकूळ होते. अशा मातीत वाळू मिसळावी लागते. कुंडीत भरण्यासाठी मिळणारी तयार माती मात्र टाळावी. तिच्यात खताचे दाणे आणि पर्लाइटचे पांढरे गोळे असतात, आणि कोंबडीच्या दृष्टीने जे गोल आणि ठळक, ते टिपण्याजोगे. विकतची माती घ्यायचीच असेल, तर खत न मिसळलेली साधी वरच्या थराची माती घ्यावी आणि पिशवीवरील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत.

वाळूने मिश्रण मोकळे राहते आणि पाण्याचा निचरा होतो. धुतलेली, थोडी जाडसर बांधकामाची वाळू यासाठी पुरते. मुलांच्या खेळासाठी पिशवीतून मिळणारी वाळूही चालते. धातू घासण्यासाठी विकली जाणारी पिठासारखी बारीक सिलिका वाळू मात्र वापरू नये. स्फटिकरूप सिलिकाची श्वसनयोग्य धूळ माणसाच्या फुप्फुसांना घातक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ पासून तिला पहिल्या, म्हणजे सिद्ध कर्करोगकारक गटात ठेवले आहे. धूळकुंड भरताना ती धूळ आधी भरणाऱ्याच्या नाकात जाते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलून आणण्याचा मोह होत असेल, तर तिच्यातील मिठाचा विचार करावा. शिवाय पुष्कळ ठिकाणी ती उचलण्यास कायद्याने बंदी असते.

राखेविषयी मराठी वाचकाच्या मनात स्वाभाविक आपुलकी असते, आणि ती अस्थानी नाही. लाकडाची राख अतिशय बारीक असते, तेल झटकन शोषते आणि कोंबड्यांना आवडते. पण राख अल्कधर्मी असते. भांड्याचा तेलकटपणा ती का काढते, याचे उत्तर याच गुणात आहे. कोरडी असेतोवर अडचण नाही; पाणी लागले, की तिच्यातून तीव्र अल्काचे द्रावण निघते आणि ते पायांची कातडी व डोळे जाळू शकते. म्हणून राख थोडी असावी, मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी, आणि ती केवळ छपराखालच्या कुंडात. कडाक्याच्या थंडीत फायरप्लेसची राख रोज निघते म्हणून रोज कुंडात ओतणे बरोबर नव्हे. त्यातही राख पूर्ण गार झालेली असली पाहिजे. वरून विझलेल्या राखेत निखारे कित्येक तास, कधी काही दिवसही, जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून दूर ठेवून मगच वापरावी.

राख कशाची, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या कोळशाच्या विटांची, पेटवण्याचे द्रव ओतलेल्या लाकडाची, प्लायवूडची किंवा रंगीत कागदाची राख चालणार नाही. अमेरिकेत २००३ सालच्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला टिकाऊपणासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सर्रास दिले जात असे. त्या काळातील जुना डेक, कुंपण किंवा मुलांचा झोपाळा मोडून जाळला, तर हवा विषारी होते आणि आर्सेनिक राखेत साठून राहते. साध्या, रंग न लावलेल्या, नैसर्गिक लाकडाचीच राख घ्यायची, हा नियम म्हणून कसोशीने पाळण्याजोगा आहे.

चुन्याबाबत भाषेनेच घोटाळा करून ठेवला आहे. बागेच्या दुकानात ‘लाइम’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न पदार्थ मिळतात. एक, दळलेली चुनखडी: सौम्य, चिमूटभर मिसळली तर निरुपद्रवी. दुसरा, विरलेला चुना: पानाच्या चुन्याने तोंड पोळलेल्या कोणालाही त्याचा स्वभाव ठाऊक आहे. दुसरा पदार्थ कोंबडीच्या जवळपासही नको. पिशवी ओळखता येत नसेल, तर चुना वगळल्याने काहीही बिघडत नाही.

पीट मॉस कोंबड्यांना मनापासून आवडते, पण ते हजारो वर्षांत तयार झालेल्या दलदलींतून उकरून काढले जाते आणि त्या दलदली कार्बनचे मोठे साठे आहेत. शिवाय वाळलेले पीट सहज पेट घेते. पिल्लांसाठी उष्णतेचा दिवा लावलेल्या जागी ते धोक्याचे. मांजराच्या शौचपेटीतील गोळा होणारी माती पाणी लागताच फुगते, त्यामुळे तीही नको. देवदाराच्या सुगंधी चिपांतील तेलांनी श्वसनाला त्रास होऊ शकतो. राहता राहिल्या वनस्पती. लॅव्हेंडर, पुदिना किंवा भारतीय किराणा दुकानातून आणलेली कडुनिंबाची वाळलेली पाने मूठभर घातली तर नुकसान नाही. त्यांवर कीटकनाशक म्हणून भिस्त ठेवणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

पांढऱ्या भुकटीची गोष्ट

कोंबड्यांविषयी कोठेही चौकशी केली, की डायटोमेशियस अर्थ हे नाव दोन मिनिटांत पुढे येते. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकामय कवचांची ही जीवाश्म भुकटी. किड्याच्या कवचावरील मेणाचा थर ती शोषून घेते, खरवडते, आणि किडा अंगातील पाणी गमावून मरतो. तिचे कट्टर समर्थक आहेत, तितकेच कट्टर विरोधक आहेत, आणि दोघांच्या गदारोळात एक चांगला प्रयोग दुर्लक्षित राहिला आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील कीटकशास्त्रज्ञ ब्रॅडली मुलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ साली तो प्रसिद्ध केला. पिंजऱ्याबाहेर मोकळ्या ठेवलेल्या कोंबड्यांना वाळूच्या पेट्या दिल्या गेल्या. काही पेट्यांत डायटोमेशियस अर्थ, काहींत केओलिन ही पांढरी माती आणि काहींत गंधक मिसळले होते. पेटी वापरणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरील माइट आणि उवा तिन्ही पदार्थांनी आठवड्याभरात ८० ते १०० टक्क्यांनी घटवल्या. मग फरक उघड झाला. पहिल्या दोन पदार्थांचा, पेटीत न उतरणाऱ्या कोंबड्यांना काहीच उपयोग झाला नाही, आणि पेट्या काढून घेताच वापरणाऱ्यांच्या अंगावरही कीड परतली. गंधकाने मात्र दोन ते चार आठवड्यांत सर्वच कोंबड्यांवरील माइट नाहीसे केले. ज्यांनी पेटीत पाऊलही टाकले नव्हते, त्यांच्याही अंगावरचे गेले, आणि पेट्या काढल्यावर कित्येक आठवडे परिणाम टिकून राहिला.

या प्रयोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. डायटोमेशियस अर्थ अगदीच निरुपयोगी नाही. परंतु ते कुंडात आहे आणि कोंबडी त्यात नियमित उतरते आहे, तोवरच त्याचा उपयोग. शिवाय त्याचाही दर्जा पाहावा लागतो. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी मिळणारी भुकटी भट्टीत भाजलेली असते आणि तिच्यात स्फटिकरूप सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. ती कोणत्याही कारणाने वापरू नये. खाद्यदर्जाच्या भुकटीत ते प्रमाण अत्यल्प असते, तरीही बारीक धूळ ती बारीक धूळच. निरोगी कोंबड्यांच्या कुंडात ती बारमाही घालण्यापेक्षा कीड दिसल्यावर, काही आठवड्यांपुरती, मास्क लावून मिसळणे अधिक शहाणपणाचे. गंधकही गरजेपुरते, कोंबड्यांसाठी वापरता येते असे वेष्टणावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. अमेरिकेत कीटकनाशकाच्या वेष्टणावरील सूचना मोडणे हा नियमभंग ठरतो.

याच ठिकाणी आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. कोंबडीला त्रास देणारी सगळी कीड अंगावर राहत नाही. उवा आणि नॉर्दर्न फाउल माइट आपले सारे आयुष्य कोंबडीच्या पिसांत काढतात, त्यामुळे धूळ त्यांच्यापर्यंत पोहोचते. लाल माइट मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत, आढ्यांच्या सांध्यांत दडून बसतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर पडतो. तो असेल, तर धूळकुंडात सोन्याची भस्म घातली तरी उपयोग नाही. खुराडेच साफ करावे लागते. रात्री उशिरा विजेरी घेऊन आढ्याची खालची बाजू पाहिली, की काय ते कळते. अंगावरच्या किडीसाठी महिन्यातून दोनदा शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहावे. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे पुंजके असतील तर उवा, पिसे काळवंडून मळकट झाली असतील तर माइट. कीड वाढली, कोंबडीचा तुरा फिका पडला किंवा अंडी घटली, तर मिश्रणे करीत न बसता पशुवैद्याला गाठावे.

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न

इथवर जे आले, ते कोंबडीच्या सोयीचे. आता जे येते ते घरातल्या मुलांच्या आरोग्याचे. धूळकुंडात भरायची माती बहुधा त्याच अंगणातून खणली जाते. ती माती कशी आहे?

न्यूयॉर्क शहरातील सामुदायिक बागांमध्ये पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. सुमारे निम्म्या अंड्यांत शिसे सापडले. तुलनेसाठी दुकानातून आणलेल्या अंड्यांत ते आढळले नाही. बागेच्या मातीत जितके शिसे अधिक, तितके अंड्यात अधिक, असा संबंधही दिसला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सिडनीच्या परसांतील अंडी तपासली. तेथे घरच्या अंड्यांतील शिशाचे सरासरी प्रमाण दुकानातील अंड्यांच्या ४० पटींहून अधिक निघाले. घरची कोंबडी, घरचे अंडे, म्हणून ते शुद्धच, हा समज येथे कोलमडतो.

हे कसे घडते ते समजणे अवघड नाही. शिसे शरीरात कॅल्शियमच्या वाटेने प्रवास करते. कोंबडी शिसेयुक्त माती गिळते, शिसे हाडांत साठते, आणि अंड्याच्या कवचासाठी हाडांतून कॅल्शियम काढले जाते तेव्हा त्याच्याबरोबर शिसेही सुटते. कोंबडी मात्र पुष्कळदा धडधाकट दिसते, अंडीही नियमित देते. रंग, वास, चव यांवरून काही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीही नाही, ही आरोग्य यंत्रणांची आजची भूमिका आहे.

शिसे अंगणात आले कोठून? अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांच्या भिंतींवरून खरवडलेला, गळून पडलेला रंग भिंतीलगतच्या काही फुटांच्या पट्ट्यात मातीत मिसळलेला असतो. शिसेयुक्त पेट्रोल रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्णपणे बंद झाले ते १९९६ मध्ये. रहदारीच्या जुन्या रस्त्यांकडेची माती त्याची साक्ष अजून देते. शिसे कुजत नाही आणि पावसाने सहजी वाहूनही जात नाही. न हलवलेल्या जमिनीत ते वरच्या काही इंचांतच राहते, म्हणजे नेमके कोंबडीच्या पायाखाली.

नव्या घरात राहणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. न्यू जर्सीसारख्या राज्यात कित्येक उपनगरी वसाहती जुन्या फळबागांच्या जमिनीवर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी येईपर्यंत सफरचंदाच्या बागांवर लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारले जात असे. नावातच दोन्ही विषे आहेत. अमेरिकेत त्याची नोंदणी १९८८ साली रद्द झाली, पण बागेची जमीन तीच राहिली. घर २००५ सालचे असले, तरी माती १९२० ची असू शकते.

यावर उपाय तपासणीचा, आणि तो महागडा नाही. अमेरिकेतील राज्य विद्यापीठांची एक्स्टेंशन सेवा, म्हणजे आपल्याकडच्या कृषी विस्तार सेवेसारखी यंत्रणा, १९१४ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. न्यू जर्सीत रटगर्स, मॅसॅच्युसेट्समध्ये ॲमहर्स्ट येथील विद्यापीठ यांच्या प्रयोगशाळा टपालाने आलेल्या मातीतील शिशाची तपासणी करून देतात. नमुना घेताना अंगणातील एकाच जागेची माती न घेता कोंबड्या जेथे जेथे वावरतात, तेथील वरच्या दोन-तीन इंचांची माती गोळा करावी. घराच्या भिंतीलगतची माती वेगळ्या पिशवीत पाठवावी, म्हणजे दोन्हींतील फरक कळतो.

अहवाल आल्यावर आकडा कसा वाचायचा? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी मातीतील शिशाची तपासणी-मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० वर आणली. ही मर्यादा मुलांनी मातीत खेळण्याच्या दृष्टीने ठरवलेली आहे, अंड्यांच्या दृष्टीने नव्हे. सिडनीच्या अभ्यासाने अंड्यांसाठी काढलेला आकडा याहून कडक, म्हणजे सुमारे ११७ आहे. शंभराच्या आत असेल, तर त्या मातीचे धूळकुंड करण्यास हरकत नाही. त्यावर असेल, तर माती बाहेरून आणावी, कुंड तळ असलेल्या पेटीत करावे आणि कोंबड्यांच्या वावराची जागा स्वच्छ मातीने किंवा लाकडाच्या चिपांच्या जाड थराने झाकावी. खाद्य जमिनीवर न टाकता भांड्यातच द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा. कोंबडीला कॅल्शियम भरपूर मिळाले, तर शिसे कमी शोषले जाते. आकडा कित्येक शेकड्यांत असेल, तर मुलांना ती अंडी देणे थांबवून आधी डॉक्टरांशी आणि स्थानिक आरोग्य विभागाशी बोलावे.

कुंडाची जागा आणि थंडीची बेगमी

मिश्रण ठरले, की उरते ते सोपे. तीन-चार कोंबड्यांसाठी दोन फूट रुंद, अडीच फूट लांब आणि फूटभर खोल पेटी पुरते. लहान मुलांचा प्लास्टिकचा जलतरण हौद यासाठी झकास, मात्र तळाला निचऱ्याची भोके पाडावीत. सहा ते आठ इंचांचा थर भरावा: साधारण दोन भाग माती, एक भाग वाळू, आणि चांगली राख असेल तर अर्धा भाग. प्रमाण काटेकोर असण्याची गरज नाही. मूठभर मिश्रण मुठीत दाबून सोडावे. लाडू वळला तर ओल जास्त आहे किंवा चिकणमाती जास्त आहे, भुरभुरून सांडले तर जमले.

वर छप्पर हवेच. ते पावसासाठी हवे, आणि रानपक्ष्यांसाठीही. चिमण्या मोकळे धूळकुंड आनंदाने वापरतात आणि त्यांच्याबरोबर नॉर्दर्न फाउल माइट येऊ शकतात. बर्ड फ्लूच्या काळात तर रानपक्ष्यांची विष्ठा कोंबड्यांपासून दूर ठेवणे हाच मुख्य बचाव असतो. कुंडावर ऊन येईल, पाऊस येणार नाही आणि बाजूंना जाळी असेल, अशी जागा शोधावी.

बॉस्टन, शिकागो किंवा मिनियापोलिसच्या हिवाळ्यात माती खणता येत नाही, ती दगडासारखी झालेली असते. तेथे ऑक्टोबरातच दोन बादल्या कोरडी माती चाळून, झाकण लावून गॅरेजमध्ये ठेवावी. पावसाळ्याआधी लाकूडफाट्याची बेगमी करणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना हे जड जाऊ नये. सिएटलसारख्या ओल्या हवेच्या प्रदेशात वाळूचा हिस्सा वाढवावा आणि राखेचा कमी करावा.

दर काही दिवसांनी विष्ठा उचलावी आणि दोन-तीन महिन्यांनी मिश्रण पूर्ण बदलावे. बदलताना मास्क लावावा आणि जुन्या मिश्रणावर थोडे पाणी शिंपडून धूळ बसवावी. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू श्वासातून फुप्फुसांत जातात. साल्मोनेलामुळे हात साबणाने धुवायचे ते वेगळेच. पाच वर्षांखालील मुलांना या कामापासून दूर ठेवावे, कितीही हौस असली तरी. काढलेली जुनी माती भाजीच्या वाफ्यात लगेच न टाकता कंपोस्टात मुरू द्यावी.

आणि हे सारे निगुतीने केल्यावरही कोंबड्या त्या पेटीकडे ढुंकूनही न पाहता पुन्हा गुलाबाच्या वाफ्यातच जाऊन लोळतील, ही शक्यता गृहीत धरावी. पेटीत त्यांच्या जुन्या खड्ड्यातली दोन ओंजळी माती मिसळली आणि वर मूठभर दाणे टाकले, तर त्या काही दिवसांत वळतात. तोवर, आणि नंतरही, वाफ्यातला खड्डा त्यांचाच असतो. मातीचा नमुना पाठवताना त्या खड्ड्यातली मातीही पाठवावी.